जमिनीखालच्या श्रमांचा साक्षीदार : गेऑर्गियस अ‍ॅग्रिकोला

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांचा आज डॉलरशी संबंध येतो. कोणाचा मुलगा अमेरिकेत असतो, कोणाची मुलगी कॅनडात. महिन्याच्या अखेरीस डॉलरचा भाव काय, याची चौकशी घरातील वृद्धसुद्धा करतात. परंतु या शब्दाच्या पोटात मरियामातेच्या वडिलांचे, म्हणजे संत जोकीमचे नाव दडलेले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या, उत्तर सीमेवरील डोंगरात 1516 साली चांदीच्या खाणींचे एक गाव वसले. त्या गावाला योआखिमस्टाल, अर्थात ‘जोकीमचे खोरे’, असे नाव देण्यात आले. तेथील चांदीच्या जाड नाण्यावर एका बाजूस संत जोकीमची प्रतिमा असे. हे नाणे ‘योआखिमस्टालर’ म्हणून ओळखले जाऊ लागले, लोकांच्या तोंडी त्याचे ‘टालर’ झाले आणि भाषांमागून भाषा ओलांडीत त्याचाच पुढे ‘डॉलर’ झाला. डोंगराच्या पलीकडे, सॅक्सनीच्या बाजूस, अ‍ॅनाबर्ग आणि मारियनबर्ग ही खाणींची आणखी दोन गावे आहेत. एक संत अ‍ॅनेच्या नावाचे, दुसरे मरियामातेच्या. सबंध पवित्र कुटुंबच जणू त्या डोंगरावर वस्तीस आले होते. जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या माणसाला वर परत येण्याची शाश्वती नसते. म्हणून तो आपल्या गावाचे नाव एखाद्या संताच्या ओटीत घालतो.

या योआखिमस्टालमध्ये 1527 साली तेहतीस वर्षांचा एक डॉक्टर नगरवैद्य म्हणून येऊन राहिला. त्याचे नाव गेऑर्गियस अ‍ॅग्रिकोला. खनिजे आणि धातू यांच्या शास्त्राचा पाया ज्याने घातला, असे जग ज्याला मानते, तो हाच. त्याच्या ग्रंथांचा परिचय आपल्या वाचकांस करून द्यावा, हा या लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू थोडा निराळा आहे. या माणसाने विद्वानाच्या बैठकीवरून उठून खाणीच्या तोंडाशी जाऊन पाहिले, आणि जे पाहिले ते खरेपणाने लिहिले. आम्हांस वाटते की त्याच्या थोरवीचे मूळ त्याच्या बुद्धीहून या खरेपणात अधिक आहे.

अ‍ॅग्रिकोलाचा जन्म 24 मार्च 1494 रोजी सॅक्सनीतील ग्लाउखाउ या गावी एका कापडव्यावसायिकाच्या घरी झाला. घरचे नाव बाउअर, म्हणजे शेतकरी. त्या काळच्या विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे या नावाचे लॅटिन रूप ‘अ‍ॅग्रिकोला’ असे झाले. लाइपझिगच्या विद्यापीठात त्याने लॅटिन व ग्रीक यांचे अध्ययन केले, त्स्विकाउ येथे ग्रीक शिकविले आणि 1520 साली मुलांसाठी लॅटिनचे एक छोटे व्याकरणही लिहिले. पुढे वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी तो इटलीत गेला. व्हेनिसमध्ये आल्दुसच्या विख्यात छापखान्यात प्राचीन वैद्य गॅलेन याच्या ग्रीक ग्रंथांची आवृत्ती तयार होत होती. ती 1525 साली प्रसिद्ध झाली. तिच्या संपादनात अ‍ॅग्रिकोलाने हात लावला. अशा रीतीने तो प्रबोधनकाळातील इतर मानवतावादी पंडितांसारखाच एक पंडित होऊन मायदेशी परतला.

या पंडिताने खाणीचे गाव का निवडले? त्याला औषधांचा शोध घ्यावयाचा होता. प्राचीन वैद्यांनी आपल्या ग्रंथांत अनेक खनिज औषधांची नावे दिलेली आहेत. परंतु ती खनिजे नेमकी कोणती, हे सोळाव्या शतकातील वैद्यांना ठाऊक उरले नव्हते. ग्रंथात नाव आहे, पण वस्तू हाती येत नाही, अशी ती अवस्था होती. रोग्यांची तपासणी आटोपली की अ‍ॅग्रिकोला खाणींकडे आणि भट्ट्यांकडे वळे. तो खाणकामगारांना विचारी, दगड हाती घेऊन पाही, वितळणाऱ्या धातूपाशी उभा राही.

या फेऱ्यांतून 1530 साली त्याचे ‘बेरमानुस’ हे पहिले खनिजविषयक पुस्तक बाझल येथील फ्रोबेनच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्या काळचा सर्वश्रेष्ठ पंडित इरॅस्मस याने त्याला जोडलेल्या पत्रात त्याची वाखाणणी केली. हे पुस्तक संवादरूप आहे. दोन विद्वान वैद्य आणि बेरमानुस नावाचा खाणकामातला जाणकार असे तिघे डोंगरात हिंडत बोलत आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की येथे शिकवितो तो खाणवाला, आणि शिकतात ते वैद्य. ज्या काळी हाताने काम करणाऱ्याला विद्वत्तेच्या दारात उभे राहू देत नसत, त्या काळी एका पंडिताने कामकऱ्याला आचार्याच्या आसनावर बसविले.

सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो ते उपासनेसाठी आणि धर्माचार्यांचे ग्रंथ समजावेत यासाठी. कृपा, पाप, तारण, संस्कार या शब्दांचा गंध त्या भाषेला आमच्या मनात कायमचा चिकटलेला आहे. तीच भाषा अ‍ॅग्रिकोलाच्या हाती पंप, भाते, घमेली आणि शिसे यांच्याविषयी बोलू लागते, तेव्हा प्रथम गंमत वाटते आणि मग आदर वाटू लागतो. कारण त्यासाठी लागणारे शब्द लॅटिनमध्ये नव्हतेच. रोमन लोकांना जी यंत्रे ठाऊक नव्हती, त्यांना रोमन नावे कोठून असणार? अ‍ॅग्रिकोलाने ती घडविली. जर्मन खाणकामगारांच्या बोलीतील शब्द उचलून त्यांना त्याने लॅटिनचा पेहराव चढविला. धातू वितळण्यास मदत करणाऱ्या काही खड्यांना त्याने ‘वाहणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘फ्लुओरेस’ म्हटले. दंतमंजनाच्या नळीवर आपण ज्या फ्लोराइडचे नाव वाचतो, त्याचे मूळ हेच.

अ‍ॅग्रिकोलापूर्वी धातूंविषयी ग्रंथ नव्हते असे नाही. परंतु प्राचीनांची माहिती त्रोटक होती, आणि किमयागार, म्हणजे हलक्या धातूचे सोने करू पाहणारे लोक, जाणूनबुजून गूढ लिहीत. एकच पदार्थ, पण प्रत्येकाचे नाव वेगळे. दगडांची यादी कोणी अक्षरानुक्रमे देई, कोणी त्यांच्या जादुई गुणांवरून. 1546 साली अ‍ॅग्रिकोलाने काही ग्रंथ एकत्र प्रसिद्ध केले. त्यांपैकी ‘दे नातुरा फोसिलिउम’ या ग्रंथाने ही रीत मोडली. रंग, चकाकी, वजन, कठीणपणा, आकार, चव, वास, अशा ज्या गोष्टी कोणालाही डोळ्यांनी, हातांनी वा जिभेने पडताळता येतील, त्यांवरून त्याने खनिजांचे वर्ग पाडले. माती, दगड, मिठासारखे घट्ट झालेले रस, धातू आणि मिश्र पदार्थ असे ते वर्ग होत. त्याच साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ग्रंथात त्याने धातूंच्या शिरा कशा तयार होतात याचा विचार मांडला. खडक आधीचा, शीर नंतरची. खडकातील भेगांतून वाहणारे रस तेथे साचून शीर तयार होते, असे त्याचे म्हणणे. ताऱ्यांच्या प्रभावाने भूमीत धातू उपजतात, हे मत त्याने नाकारले. तपशील पुढे बदलले, तथापि खोल भूगर्भातील उष्ण द्रावणे भेगांत धातू सोडून जातात, हे आजचे शास्त्रही सांगते.

त्याचे जीवितकार्य म्हणजे ‘दे रे मेतालिका’, अर्थात ‘धातूंविषयी’, हा बारा भागांचा ग्रंथ. सुमारे 20 वर्षे तो यावर काम करीत होता. प्रस्तावनेवर 1 डिसेंबर 1550 ही तारीख आहे; पण चित्रे कोरून होईपर्यंत छपाई रखडली. खाणकामगाराच्या अंगी काय काय हवे, शीर कशी ओळखावी, जमिनीची मोजणी कशी करावी, पाणी कसे उपसावे, खनिजाचा कस कसा लावावा, ते कुटावे व धुवावे कसे, भट्टीत कसे वितळवावे, सोने व चांदी वेगळी कशी करावी, आणि शेवटी मीठ, तुरटी, गंधक व काच यांची निर्मिती, असा हा क्रम आहे. सातव्या भागात कसोटीच्या दगडाचे वर्णन येते. सोन्याचे प्रमाण क्रमाने वाढत जाणाऱ्या 24 सुया घेऊन, त्यांच्या रेघेशी तपासायच्या सोन्याची रेघ कशी ताडून पाहावी, हे वाचताना आपल्या गावच्या सोनाराची पेढी डोळ्यांसमोर उभी राहते. कार्पेथियन डोंगरातील एका खोल खाणीतून पाणी उपसण्यासाठी 96 घोडे पाळीपाळीने कसे जुंपले जात, तेही त्याने टिपून ठेवले आहे.

शब्दाने जे सांगता येत नाही ते चित्राने सांगावे, म्हणून त्याने पदरचा पैसा खर्च करून चित्रकार नेमले. लाकडी ठशांची 250 हून अधिक चित्रे या ग्रंथात आहेत. यंत्राचा एकेक भाग सुटा काढून त्यावर अक्षर घातलेले आहे आणि खाली त्या अक्षराचा खुलासा आहे. पण या चित्रांत केवळ यंत्रेच नाहीत. चाक फिरविणारा मजूर, खनिज निवडीत बसलेल्या स्त्रिया, भट्टीपाशी घाम पुसणारा माणूस, कोपऱ्यात अंग मुडपून बसलेला कुत्रा, हे सर्व तेथे आहे. प्रस्तावनेत तो सांगतो की जे आपण स्वतः पाहिले नाही, किंवा विश्वासू माणसांकडून वाचले-ऐकले नाही, ते आपण लिहिलेले नाही. लेखणी हाती धरणाऱ्या कोणाही माणसाने हे वचन स्वतःपुरते करून पाहावे. ते पाळणे किती कठीण आहे हे तेव्हाच कळेल.

जमिनीखालच्या माणसांविषयी त्याने जे लिहिले, ते आम्हांस विशेष मोलाचे वाटते. दिवसरात्रीच्या तीन पाळ्या, प्रत्येक पाळी सात तासांची. उरलेले तीन तास आत जाण्या-येण्याचे. रात्रपाळीतले कामगार झोप येऊ नये म्हणून गातात, आणि ते गाणे अगदीच बेसूर नसते, अशी नोंद तो करतो. शनिवारी कामगार बाजारहाट करतात, आणि रविवारी व सणावारी काम बंद ठेवून देवकार्याला वेळ देतात. मात्र खाणीत पाणी घुसले किंवा दरड कोसळली, तर सणाच्या दिवशीही काम करावे लागते आणि त्यात कोणी अधर्म मानीत नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, ही प्रभूची शिकवण त्या डोंगरातील लोक अशा रीतीने जगत होते.

सहाव्या भागात हा वैद्य रोगांकडे वळतो. कोरड्या खाणीतील धूळ श्वासावाटे आत जाते, फुप्फुसे कुरतडते आणि शरीर क्षीण करते. कार्पेथियन खाणींच्या मुलुखात अशा स्त्रिया आढळतात, ज्यांनी एकामागून एक सात लग्ने केली आणि ज्यांचे सातही नवरे या क्षयाने नेले. सद्दुकी लोकांनी प्रभूला सात नवऱ्यांच्या स्त्रीचे कोडे घातले होते ते वादासाठी. येथे ते कोडे नव्हते, खाणगावातले वास्तव होते. अ‍ॅग्रिकोला नुसता हळहळून थांबत नाही. गुडघ्यापर्यंत कातडी जोडे घाला, कोपरापर्यंत हातमोजे घाला, तोंडावर सैल फडके बांधा, असे तो सांगतो, आणि खाणीत वारा खेळविणारे पंखे व भाते चित्रांसह दाखवितो. 1879 साली दोन जर्मन डॉक्टरांनी याच सॅक्सनीतील श्नेबर्गच्या खाणकामगारांचा फुप्फुसाचा रोग हा कर्करोग असल्याचे दाखविले. त्याचे कारण खडकांतून निघणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू, हे विसाव्या शतकात कळले. योआखिमस्टालच्याच खनिजातून मारी व पिएर क्यूरी यांनी 1898 साली रेडियमचा शोध लावला होता. ज्या डोंगराने संताचे नाणे दिले, त्याच डोंगराच्या पोटात हे विषही होते.

तेव्हा खाणी असाव्यात की नसाव्यात? हा प्रश्न अ‍ॅग्रिकोला टाळीत नाही. पहिल्या भागात तो विरोधकांचे म्हणणे सविस्तर मांडतो. खाणींमुळे शेते उद्ध्वस्त होतात, जंगले तोडली जातात, पशुपक्षी नाहीसे होतात. खनिज धुतलेले पाणी ओढ्या-नद्यांत जाऊन मासे मरतात. आणि सोन्यामुळे माणसे माणसांचे गळे कापतात. मग तो उत्तर देतो. धातू नसतील तर नांगर नाही, सुई नाही, वैद्याचे शस्त्र नाही. माणूस रानातल्या पशूसारखा जगेल. खाणी बहुधा नापीक डोंगरांत असतात. आणि सोन्याचा दुरुपयोग हा सोन्याचा नव्हे, तर ते वापरणाऱ्याचा दोष होय. शेवटचे उत्तर कोणाही धर्मगुरूला पटेल. पण नदीतल्या माशांचे काय, याला त्याचे उत्तर पुरेसे नाही, हे आज आपण जाणतो. त्याचा स्वतःचा एका चांदीच्या खाणीत भाग होता, हेही येथे सांगितले पाहिजे. त्या खाणीचे नाव होते ‘देवाचे दान’. तरीसुद्धा विरोधकांची बाजू त्याने इतक्या प्रामाणिकपणे लिहून ठेवली की आज खाणींच्या विरोधात बोलणाऱ्यालाही त्याच पानांचा आधार घेता येतो.

अंधश्रद्धेविषयीही त्याची भूमिका अशीच सावध होती. आपल्याकडे पाणाडे बेचकी हाती धरून विहिरीची जागा सांगतात, तसे तिकडे काही लोक फांदीच्या बेचकीने धातूची शीर शोधीत. अ‍ॅग्रिकोला दोन्ही पक्षांचे म्हणणे देतो आणि मग सांगतो की खऱ्या, सज्जन व गंभीर खाणकामगाराने या भानगडीत पडू नये. त्याला निसर्गाच्या खुणा वाचता येतात, तेवढ्या पुरेत. मात्र खाणीत भुते असतात आणि प्रार्थना व उपवास यांनी ती पळतात, असेही त्याने लिहिले आहे. तो आपल्या काळाचा माणूस होता. काळाच्या पुढे तो डोळ्यांनी गेला, पण त्याचे पाय त्याच्या काळातच होते.

आता त्याच्या श्रद्धेविषयी. 1530 नंतर काही काळाने तो सॅक्सनीतील केम्नित्झ या शहरी स्थायिक झाला. तरुणपणी, पापदंडमाफीची पत्रे विकण्याच्या प्रकारावर त्यानेही टीका केली होती. पण ल्यूथरच्या चळवळीने ख्रिस्तसभा दुभंगली तेव्हा तो जुन्या श्रद्धेतच राहिला. सभोवतालचे शहर ल्यूथरपंथी झाले, राजे ल्यूथरपंथी झाले. हा मात्र कॅथलिकच. तरीही 1546 साली त्याला शहराचा नगराध्यक्ष नेमण्यात आले, आणि पुढेही तीन वेळा ते पद त्याच्याकडे आले. 1552-53 मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा तो रोग्यांत वावरला, आणि 1554 साली त्याने प्लेगवर पुस्तक लिहिले. पंथभेदाच्या वैराने पेटलेल्या त्या काळात माणसाची लायकी पंथापलीकडे पाहिली जाऊ शकत होती, याचा हा दिलासा देणारा पुरावा.

पण तो दिलासा शेवटपर्यंत टिकला नाही. सप्टेंबर 1555 मध्ये ऑग्सबर्गचा तह झाला आणि राजाचा पंथ तोच प्रजेचा, हे तत्त्व जर्मनीत मान्य झाले. दोनच महिन्यांनी, 21 नोव्हेंबर 1555 रोजी, अ‍ॅग्रिकोला केम्नित्झमध्ये मरण पावला. ज्या शहराचे नगराध्यक्षपद त्याने चार वेळा भूषविले, ज्याच्या रोग्यांची त्याने शुश्रूषा केली, त्या शहराने कॅथलिक म्हणून त्याला आपल्या चर्चमध्ये मूठभर माती नाकारली. त्याचे मित्र बिशप युलिउस प्फ्लुग यांनी त्याचा देह सुमारे 50 किलोमीटर दूर त्साइट्स येथे नेवविला आणि तेथील कॅथिड्रलमध्ये त्याला मूठमाती मिळाली. हे लिहिताना दुसऱ्या पंथाकडे बोट दाखविण्याचा मोह आम्ही आवरतो. त्या शतकात आपल्या बाजूच्या लोकांनीही असेच, किंबहुना याहून कठोर, वर्तन केले आहे. भूमीच्या पोटाचा एवढा अभ्यास करणाऱ्याला स्वतःच्या गावी दोन हात भूमी मिळू नये, यातील वेदना मात्र कोणत्याही पंथाच्या माणसाला कळावी.

छापील ग्रंथ त्याने पाहिलाच नाही. मार्च 1556 मध्ये, मृत्यूनंतर चार महिन्यांनी, तो बाझलला प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे जर्मन भाषांतर निघाले. सुमारे दोनशे वर्षे खाणकामाचा तोच प्रमाणग्रंथ होता. तो चीनपर्यंत पोहोचला. आदाम शाल हे जर्मन जेज्विट धर्मगुरू 1618 साली लिस्बनहून निघून गोव्यामार्गे पूर्वेकडे गेले. पुढे 1640 च्या सुमारास त्यांनी चिनी विद्वानांच्या साह्याने या ग्रंथाचे चिनी रूपांतर मिंग सम्राटाच्या दरबारासाठी सिद्ध केले. इंग्रजीत तो आला 1912 साली. भाषांतरकार होते हर्बर्ट हूवर हे खाण-अभियंते आणि त्यांच्या पत्नी लू हेन्री हूवर. पती पुढे 1929 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. पत्नी भूशास्त्राच्या पदवीधर व लॅटिनच्या जाणकार. अ‍ॅग्रिकोलाने घडविलेल्या नव्या लॅटिन शब्दांचे अर्थ उलगडण्यात त्या दांपत्याची सुमारे पाच वर्षे गेली. 2019 साली युनेस्कोने सॅक्सनी व बोहेमियातील तो सारा खाणप्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित केला.

ईयोबाच्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचकांनी सवडीने उघडून पाहावा. चांदी, सोने, लोखंड, तांबे यांसाठी माणूस अंधारात किती खोल उतरतो, याचे वर्णन तेथे आहे. आणि मग प्रश्न येतो तो शहाणपणाचा. ते कोणत्या खाणीत मिळते? त्या अध्यायाचे उत्तर देवाच्या भयाशी जाऊन थांबते. अ‍ॅग्रिकोलाने या प्रश्नाला थेट उत्तर दिले नाही. पण न पाहिलेले न लिहिणे, अंगमेहनत करणाऱ्याकडून शिकण्यात कमीपणा न मानणे, विरोधकाचे म्हणणे न दडविणे, आणि आपली श्रद्धा न सोडता परक्या श्रद्धेच्या शेजाऱ्याची सेवा करणे, या चार गोष्टी त्याने आचरून दाखविल्या. पुढच्या वेळी डॉलरचा भाव विचारताना संत जोकीमची आठवण करावी, आणि त्यासोबत रात्रपाळीत गाणाऱ्या त्या अनामिक कामगारांचीही. त्यांच्यासाठी एखादी प्रार्थना आपण म्हटली, तर अ‍ॅग्रिकोलाचे काम आपल्यापर्यंत पोहोचले, असे आम्ही समजू.